समदृष्टी आणि आज्जीची दावण

॥ राम कृष्ण हरी ॥

आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ५, श्लोक १८

मंडळी, गेले काही दिवस आपण पाचवा अध्याय रोज थोडा थोडा वाचतोय. क्रमाने येत येत आज अठरावा श्लोक आला, आणि याच आठवड्यात माझ्या आज्जीचं वर्षश्राद्ध आहे. हा श्लोक मी अनेक भाष्यांतून वाचला, प्रवचनांतून ऐकला. पण तो मला कळला, जेवढा कळला तेवढा, आज्जीच्या गोठ्यात. म्हणून आजचं चिंतन तिच्या आठवणीतून करतो.

आधी अर्थ पाहू. भगवंत सांगतात, जे खरे ज्ञानी असतात ते विद्या आणि विनय अंगी असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक या सगळ्यांकडे समदृष्टीने पाहतात. श्वपाक म्हणजे कुत्र्याचं मांस शिजवून खाणारा. त्या काळच्या समाजाने ज्याला अगदी खालच्या पायरीवर आणि वस्तीबाहेर ठेवलं होतं असा माणूस.

यादी नीट बघा. पाच नावं आहेत. त्यांतली तीन जनावरं आहेत आणि दोन माणसं. माणसं दोन टोकांना आणि जनावरं मधे. ही मांडणी लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला तिच्याकडे परत यायचंय.

माउली या श्लोकावर बोलताना तर आणखी पुढे जातात. हा डास, हा हत्ती, हा श्वपच, हा द्विज असा भेद ज्ञान्याच्या मनात उरत नाही, असं सांगता सांगता ते "हा परका आणि हा आपला मुलगा" या भेदालाही हात घालतात. इथे आपण अडकतो. मुंगीला साखर घालणं एकवेळ जमेल, पण आपलं आणि परकं हे सुटत नाही.

सम म्हणजे सारखं वाटप नव्हे

आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. पाऊस कमी, माळ जास्त. आज्जीची जन्मतारीख कुणालाच ठाऊक नव्हती, आधार कार्डावर अर्ध्या गावाची असते तशी १ जून होती. शाळेत ती कधी गेली नाही. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, आणि दिवस उजाडायच्या आत गोठ्यात.

तिच्या दावणीला एक खिल्लार बैल होता सर्जा, एक गाय होती कपिली, दोन शेळ्या होत्या. दारात मोत्या कुत्रा. चुलीच्या उबेला एक मांजर, तिला नाव नव्हतं, "मने" एवढीच हाक. शिवाय चिमण्या, कावळे, मुंग्या हे न बांधलेले पाहुणे वेगळेच.

लहानपणी मी तिच्या मागे मागे फिरायचो. पहिली भाकरी गाईची. मोत्याची भाकरी ताकात कुस्करून, पण बिनमिठाची. चिमण्यांना ज्वारीच्या कण्या. मुंग्यांच्या वारुळापाशी चिमूटभर पीठ. सर्जाला नांगराच्या दिवसात सरकी पेंड जास्त, बसून असेल तेव्हा कमी. गाय व्याली की बाजरी शिजवून त्यात गूळ घालून द्यायची. एकदा मी विचारलं, "आज्जे, मोत्याला गूळ का न्हाई देत?" तर म्हणाली, "आरं, ज्याला जे सोसतं त्येच द्यावं. सगळ्यास्नी एकच ताट वाढलं तर निम्मी मरत्याल."

पुढे कळलं की जाणकार या श्लोकाचा अर्थ लावताना नेमकं हेच सांगतात. गीता समदर्शन सांगते, समवर्तन नव्हे. दृष्टी सारखी असावी, वागणूक ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे असावी. हत्तीला मुंगीएवढं घातलं तर तो उपाशी मरेल, मुंगीला हत्तीएवढं घातलं तर ती चिरडून मरेल. समान काय, तर त्याचं पोट भरलं पाहिजे ही तळमळ.

चीक हेही एक उदाहरण. गाय व्याली की शेजारचे खरवसासाठी भांडं घेऊन यायचे. आज्जी ठाम असायची. आधी वासराचं पोट, मग उरलं तर माणसाचा खरवस. आज मला माहीत आहे की वासराला आईच्या पोटात असताना रोगप्रतिकारक द्रव्यं मिळत नाहीत, ती पहिल्या काही तासांत चिकातूनच मिळतात. आज्जीला यातलं काही माहीत नव्हतं. तिचं कारण साधं होतं, "दूध त्याच्या आईचं हाय, आपल्या आईचं न्हवं."

दुसऱ्याचं दुखणं कळतं कुठून?

मग ही दृष्टी येते कशी? नुसतं "सगळ्यांत देव आहे" म्हणून येत नाही. मी स्वतः हे वाक्य शंभरदा म्हटलं असेल. गीतेनेच सहाव्या अध्यायात वाट दाखवली आहे. सुख असो वा दुःख, जो स्वतःवरून दुसऱ्याचं ओळखतो तो श्रेष्ठ योगी, असं भगवंत तिथे सांगतात. आत्मौपम्य हा त्यांचा शब्द.

आज्जीचं आत्मौपम्य खांद्यात होतं. तरुणपणी तिने दीड-दोन मैलांवरून पाणी वाहिलं. हंडा डोक्यावर, कळशी काखेत, आणि उजवा खांदा कायमचा धरलेला. आमच्याकडे बेंदराच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते. जू घेऊन घेऊन बैलाचा खांदा निबर झालेला असतो, तो कोमट पाण्याने शेकायचा, हळद-लोणी लावून चोळायचा आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. बहुतेक घरी हे पाच मिनिटांत उरकतं. आज्जी तासभर चोळत बसायची. सर्जा डोळे मिटून उभा राहायचा. "कुठं दुखतंय त्ये मला म्हाईत हाय," एवढंच ती पुटपुटायची आणि मधूनच स्वतःचा खांदा दाबायची.

हे प्रेम आहेच, पण नुसती भावना नाही. स्वतःच्या दुखण्याचा उपयोग तिने दुसऱ्याचं दुखणं ओळखायला केला. आपलं काय होतं? आपलं दुखायला लागलं की जगात फक्त आपलंच दुखतंय असं वाटतं. दुखणं तेच असतं, एकाला ते कोंडून घालतं आणि दुसऱ्याला दार उघडून देतं.

परीक्षा दुष्काळात होते

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात म्हणतात, सिस्टीमची परीक्षा नेहमीच्या दिवशी होत नाही, लोड आला की होते. समदृष्टीचंही तसंच आहे. दाण्यागोट्याने घर भरलेलं असताना कुत्र्याला भाकरी घालणं अवघड नाही.

१९७२ च्या दुष्काळात आज्जी तिशी-बत्तिशीची होती. दिवसभर खडी फोडायची, मिलोची लालसर भाकरी आणि सुकडी खाऊन पोरं जगवायची. वैरण संपली तेव्हा आजोबांनी बैलजोडी बाजारात नेली. मातीमोलाने गेली. कोण घेऊन गेलं, पुढे काय झालं, कळलं नाही. आज्जीने ही गोष्ट मला एकदाच सांगितली. शेवटी एवढंच म्हणाली, "दाव्याला हात लावला तवा त्यास्नी वाटलं पाण्यावर न्यायलोय. हुभंच ऱ्हायली बिचारी, मुकाट्यानं." पुढे ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

मग आलं २०१२-१३. पुन्हा दुष्काळ. विहिरीला तळ दिसला, टँकर सुरू झाले, कडबा परवडेना. सर्जा तोवर म्हातारा झाला होता, नांगराला चालत नव्हता. थोरल्या काकांवर सोसायटीचं कर्ज होतं. ते वाईट माणूस नव्हेत हे मी मुद्दाम सांगतो. त्यांचा हिशेब बरोबर होता. खाणारं तोंड आहे आणि काम शून्य. एका संध्याकाळी ते म्हणाले, "आये, औंदा सर्जाला बाजार दाखवूया."

आज्जी दळण निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "मी बी आता काम करत न्हाई. मला कंच्या बाजारात नेतूस?"

घरात कुणी काही बोललं नाही. काका उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच चारा छावणीत नाव घातलं.

त्या दुष्काळात माण तालुक्यात ठिकठिकाणी चारा छावण्या उभ्या राहिल्या होत्या. जनावरं तिथे न्यायची, तिथे ऊस, वाढं, पेंड आणि टँकरचं पाणी मिळायचं. पण जनावरांबरोबर घरातलं कुणीतरी राहावं लागायचं. काकांना शेतमजुरी, काकूंना घर. त्र्याहत्तर वर्षांची आज्जी म्हणाली, "मी जाती." सर्जा, कपिली, शेळ्या आणि मागोमाग आपण होऊन निघालेला मोत्या अशी तिची वारी निघाली. ताडपत्रीच्या पालाखाली ती जवळजवळ चार महिने राहिली.

यादीतलं शेवटचं नाव

आता ती श्लोकातली यादी पुन्हा आठवा. इथवर आज्जी तुम्हाला संत वाटली असेल. ती संत नव्हती. जावेशी दोन वर्षं अबोला धरणारी, सुनांना टोचून बोलणारी, आपल्या काळाची आणि आपल्या गावाची बाई होती. आमच्या गोठ्याच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असायचा. आमच्या रानात कामाला येणारे एक आजोबा होते, दुसऱ्या वस्तीवरचे. त्यांना चहा त्याच कपात. प्यायचे, स्वतः विसळायचे, पुन्हा कोनाड्यात ठेवायचे. ज्या हाताने आज्जी मोत्याच्या तोंडात भाकरी घालायची, तोच हात त्या आजोबांच्या कपात चहा वरून ओतायचा.

मंडळी, हे लिहिताना मला अवघड वाटतंय, पण हे गाळलं तर श्लोकही अर्धाच राहील. भगवंतांनी यादी कुत्र्यावर संपवली असती तर आपल्यापैकी बरेच जण पास झालो असतो. कुत्र्यानंतर त्यांनी माणसाचं नाव घेतलं. जनावरावर माया करणं त्या मानाने सोपं आहे, कारण जनावर बरोबरी मागत नाही. माणूस मागतो, आणि त्याने मागावीच. आजही शहरात कुत्र्याला सोफ्यावर बसवणारी आणि कामवाल्या मावशींचा कप वेगळा ठेवणारी घरं मी पाहिली आहेत.

छावणीत आज्जीच्या पालाशेजारी दुसऱ्या गावच्या एक मावशी होत्या. ज्यांच्यासाठी आमच्याकडे तो कप असायचा, त्याच समाजातल्या. त्यांची एकच म्हैस. सुरुवातीचे दिवस दोघी आपापल्या पालात असायच्या. बोलणं जनावरांपुरतं.

एका रात्री कपिली व्यायला झाली आणि वासरू अडलं. एक पाय आत मुडपला होता. जनावरांचे डॉक्टर सकाळीच यायचे. आज्जीचा खांदा धरलेला, हातात ताकद नाही. त्या मावशी उठून आल्या, हात धुतला, तेल लावलं, आणि आज्जीने कंदील धरला. पाऊण-एक तास त्या झटत होत्या. पाय सरळ केला, मग कपिलीची कळ येईल तसं हलके हलके ओढलं. पहाटेच्या आधी कालवड जन्मली, जिवंत. कपिलीने आधी तिला चाटलं, मग चिखल-रक्ताने माखलेला त्या मावशींचा हात चाटला.

आज्जी सांगायची, "त्या गाईनं इचारलं न्हाई, हात कुणाचा हाय म्हून. मग मी कोन इचारणारी?"

सकाळी तीन दगडांच्या चुलीवर चहा झाला. पालात एकच पेला होता. आधी मावशी प्याल्या, मग त्याच पेल्यातून आज्जी. परीक्षा संपल्यावर मी तिला भेटायला छावणीत गेलो होतो, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष होतं माझं. तेव्हा दोघी एका ताटात जेवत होत्या आणि मधे ती कालवड पायांत घुटमळत होती. मला हे नवल वाटलं, त्या दोघींना वाटत नव्हतं.

पाऊस पडला, छावणी उठली, आज्जी घरी आली. आल्या दिवशी तिने कोनाड्यातला कप काढला, चुलीतल्या राखेने घासला आणि घरातल्या कपांत ठेवला. दुसऱ्या दिवशी रानातले ते आजोबा आले, त्यांना ओसरीवर बसवून घरच्या कपबशीत चहा दिला. ते आधी कपाकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिले. आणि तो कान तुटलेला कप? त्यातून पुढे शेवटपर्यंत आज्जी स्वतः चहा प्यायची. घरी पाहुणे आले तरी त्याच कपातून. याबद्दल तिने कधी भाषण केलं नाही.

म्हणून मला आता या श्लोकातली मांडणी वेगळी दिसते. मधली तीन जनावरं म्हणजे ओढ्यात टाकलेल्या पायदगडांसारखी आहेत. एका काठावरचा माणूस त्यांच्यावरून चालत दुसऱ्या काठावरच्या माणसापर्यंत पोचतो. हा कुठल्या आचार्यांचा अर्थ नाही, माझी समजूत आहे. पण आज्जी मात्र त्या वाटेने गेली. तिला गीता तिच्या गाईने शिकवली. आणि त्या वाटेवर जो मधल्या दगडावरच थांबला, त्याची प्राणिमात्रांवरची दया खरी असली तरी अपुरी आहे.

इथेच, याच जन्मी

यापुढचा एकोणिसावा श्लोक उद्या आपण सविस्तर पाहू. ज्यांचं मन साम्यात स्थिर झालं त्यांनी इथेच, या लोकीच, जन्ममरण जिंकलं, असा त्याचा आशय आहे. मेल्यानंतर कधीतरी नव्हे.

आज्जी गेल्या वर्षी गेली. शेवटचे दोन महिने अंथरुणावर होती. सर्जा तिच्या आधी बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याच बांधावर गेला होता, म्हातारा होऊन, दावणीला असतानाच. छावणीतल्या त्या कालवडीची आता गाय झाली आहे. आज्जीला उठता येत नव्हतं तेव्हा काका, तेच काका, रोज संध्याकाळी त्या गाईला खिडकीशी आणून उभं करायचे. ती गजातून तोंड आत घालायची आणि आज्जी तिच्या कपाळावर हात ठेवायची. छावणीतल्या मावशी आता नाहीत, पण त्यांचा मुलगा आज्जीला खांदा द्यायला आला होता.

त्या दिवसांत मला महाभारतातला धर्मराज सारखा आठवायचा. महाप्रस्थानाच्या शेवटी इंद्र रथ घेऊन येतो आणि बरोबरच्या कुत्र्याला सोडून ये म्हणतो. युधिष्ठिर म्हणतो, आश्रयाला आलेल्याला टाकून मिळणारा स्वर्ग मला नको. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म असतो, हे त्याला नंतर कळतं. आधी कळलं असतं तर ती परीक्षाच झाली नसती. आज्जीलाही त्या रात्री माहीत नव्हतं की आपली परीक्षा चालू आहे. तिला फक्त वासरू अडलेलं दिसत होतं.

दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. कुणी म्हणालं, इच्छा उरली नव्हती. कुणी म्हणालं, रोज त्यांना घालायची, ओळखीचेच आहेत ते. मला दोन्ही पटलं.

आजचा संकल्प

वाचून मन भरून आलं आणि संपलं, असं होऊ नये म्हणून आज तीन लहान गोष्टी करूया.

एक, जेवायच्या आधी एक घास बाजूला काढा. गाय मिळाली तर गाईला, नाही तर कुत्रा, पक्षी, मुंगी, जे दारात असेल त्याला. पण त्याला जे सोसतं तेच द्या, आपल्याला जे द्यावंसं वाटतं ते नव्हे.

दोन, आज आपलं काही दुखत असेल, कंबर, डोकं, मन, तर क्षणभर थांबून आठवा की हेच दुखणं आत्ता आणखी कुणाचं आहे. घरातल्या घरात कुणीतरी सापडेल.

तीन, ही सगळ्यात अवघड. आपल्या घरातला कोनाडा शोधा. त्यात कप असेलच असं नाही. वेगळी लिफ्ट असेल, खाली बसायला लावणं असेल, नावाऐवजी मारलेली हाक असेल. सापडला की राखेने घासायला लागा.

हे पांडुरंगा, आम्हाला एकदम ज्ञान्यांची दृष्टी मागायचा अधिकार नाही. आमच्या वाटेवर एखादी अडलेली गाय, एखादा म्हातारा बैल, एखादा ताकातल्या भाकरीची वाट बघणारा कुत्रा येऊ दे. त्यांच्यामागून चालताना माणसापर्यंत पोचायचं बळ आम्हाला दे. आणि ज्या आज्ज्यांनी न वाचता हे जगून दाखवलं, त्यांना तुझ्या पायाशी ठेव.

॥ राम कृष्ण हरी ॥